नखाएवढी अंबाडी

भाद्रपदातले तीन दिवस नागपूरच्या महाल भागात चुलींना उसंत नसते. अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर निघतात. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या याच, पण विदर्भात त्यांचा थाट निराळा. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघी भरजरी साड्या नेसून उभ्या, पुढ्यात त्यांची लेकरं, वर टांगलेला फुलोरा, पायाशी धान्याच्या राशी. मुखवट्यांचा रंग उडाला असेल तर ते आधीच चितारओळीत नेऊन द्यायचे. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला वर्धा-अमरावतीहून माणसं येतात, रुसलेले भाऊबंद येतात, एरवी वर्षभर तोंड न दाखवणारे जावईही येतात.

जेवणाची यादी घराघरात थोडी बदलते. पण पुरणाची पोळी, ज्वारीची आंबील, पडवळाची कढी, सोळा भाज्या आणि अंबाडी यांना फाटा देता येत नाही. सोळांत लाल कोहळं, बरबटी, ढेमसं, दोडकं, गवार, जे बुधवार बाजारात मिळेल ते. अंबाडी मात्र वेगळी शिजते आणि पानात वेगळी वाढली जाते.

ज्या घराची ही गोष्ट आहे, तिथे अंबाडी आजी करायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. अंबाडी कापूस-भेंडीच्याच कुळातली. पावसाळ्यात शेताच्या धुऱ्यावर, कपाशी-ज्वारीच्या कडेने पेरलेली असते. तिच्या वाखाचे दोर वळायचे, पोळ्याला बैलांच्या गळ्यात त्याच वाखाचे नवे कासरे पडायचे आणि कोवळी पानं घरात भाजीला यायची. आजी लाल देठाची जुडी निवडायची. देठ बाजूला, पानं बाजूला. पानं उकडून त्यांचं पाणी दोन्ही तळहातांत घट्ट पिळून टाकायची, कारण आंबटपणातला बराचसा त्या पाण्यातच उतरतो. मग मऊ शिजलेली तुरीची डाळ, ज्वारीच्या कण्या, भिजवलेले शेंगदाणे असं सगळं एकत्र करून लाकडी रवीने घोटायची. पातेलं पितळेचं, पण आधी कल्हईवाल्याकडून चकचकीत करून आणलेलं. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट शिजवलं की ते कळकतं, आणि आजीच्या मते कळकलेली भाजी देवीपुढे ठेवणं हे न ठेवण्याहून वाईट. शेवटी मोहरी, हिंग, मेथीदाणा आणि लाल मिरच्यांची फोडणी. नैवेद्याला लसूण चालत नाही, म्हणून लसणाची फोडणी दुसऱ्या दिवशीच्या उरलेल्या भाजीवर पडायची. मोठी माणसं त्या दुसऱ्या दिवसाचीच वाट पाहत असायची, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

लेकरांना ती भाजी आवडत नसे. आवडावी असं तिच्यात लेकरांसाठी काही नव्हतंच. रंग शेवाळी, चव आंबट, आणि घोटलेली असल्यामुळे जिभेवर एकदम पसरणारी. शेजारी पुरणाची पोळी तुपात भिजत असताना तिच्याकडे कोण बघणार?

या घरात दोन लेकरं. थोरला मुलगा, त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी मुलगी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊ, म्हणजे त्यांचे वडील, दोघांना मारबत, म्हणजे इडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, बघायला घेऊन जायचे. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. त्या दोघी इतवारीत समोरासमोर येतात तेव्हा जी गर्दी होते ती ज्याने पाहिली आहे त्यालाच कळेल. इडा-पीडा, रोगराई, महागाई, जे जे नकोसं असेल ते ते घेऊन जा गे मारबत, असं ओरडायचं. एका वर्षी भाऊंच्या खांद्यावर बसून धाकटीने सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, ‘‘अंबाडीची भाजी घेऊन जा गे मारबत!’’ आजूबाजूचे लोक हसले. घरी येऊन थोरल्याने आजीला चुगली केली. आजी भाजी निवडत होती. ती म्हणाली, ‘‘मारबत रोगराई नेते. माही भाजी कायले नेईन ते?’’

आणि आठवड्याभरात अंबाडी पानात आलीच.

पोरांची पंगत ओसरीवर बसायची आणि तिथे आजी स्वतः वाढायची. इतर पदार्थ सुनांनी वाढावेत. अंबाडी, आंबील आणि पडवळाची कढी मात्र पोरांना आजीच्या हातून. ती चमचा घ्यायची नाही. बोटानेच भाजी उचलून प्रत्येक पत्रावळीच्या कडेला करंगळीच्या नखाएवढी ठेवायची. देवीच्या पानात जे आहे ते लेकरांच्या पानात असलंच पाहिजे, एवढाच तिचा नियम. ते खाल्लं का, हे तिने कधी विचारलं नाही. एखादी आई मुलाला डोळे वटारू लागली की आजी म्हणायची, ‘‘खाल्लं त खाल्लं. नाही त गाय खाते.’’ आणि पुढच्या पानाकडे वळायची.

भाऊंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांनी 1972 चा दुष्काळ ऐन विशीत पाहिला होता. रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या होत्या, त्या घशाखाली उतरत नसताना खाल्ल्या होत्या. पानात टाकलेलं अन्न बघितलं की त्यांच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची. त्यांच्यावर रागावून ही गोष्ट सांगता येणार नाही. ज्याने भूक पाहिली त्याला भरलेलं पान मागे सोडणारं मूल बघवत नाही, आणि त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

थोरला नऊ वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी पाहुणे फार आले होते. आजी आत नैवेद्याच्या पानांत अडकली होती, आणि ओसरीवर वाढायला वर्ध्याहून आलेले एक काका उभे राहिले. त्यांना या घरची रीत ठाऊक नव्हती. त्यांनी मोठ्या मनाने प्रत्येक पोराच्या पानात पळीभर अंबाडी वाढली. बाकीच्या पोरांनी युक्त्या केल्या. कुणी ती भातात लपवली, कुणी शेजारच्या पानात सरकवली, धाकटीने तर पत्रावळीचं एक पान उचकून खाली दडवली. थोरला सरळ स्वभावाचा. त्याने ती तशीच ठेवली आणि उठायला लागला.

भाऊ तूप वाढत येत होते. ‘‘बस खाली,’’ ते म्हणाले. ‘‘पान स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही.’’

पंगत उठली. इतरांच्या पत्रावळी गोळा झाल्या. ओसरी शेणाने सारवायची होती, पण थोरल्यापुरती जागा सोडून बाकीची सारवली गेली. पुढची पंगत समोरच्या पडवीत बसली, जेवली, उठली. जाता येता प्रत्येक जण काहीतरी बोलत होता. कुणी म्हणे, ‘‘संपव ना रे, एवढुशी त आहे.’’ कुणी म्हणे, ‘‘अरे, ताकत येते त्यानं.’’ एका मामीने त्याच्यासाठी पेढा आणून समोर ठेवला, भाजी संपल्यावर खायचा म्हणून. थोरला खाली मान घालून बसला होता. पानातली भाजी वाऱ्याने वाळून तिला वरून साय धरली होती. शेवटी त्याने पाण्याचा पेला एका हातात धरला, दुसऱ्या हाताने ती सगळी भाजी तोंडात कोंबली आणि पाण्याबरोबर गिळली. पान स्वच्छ झालं. भाऊंनी त्याच्या पाठीवर थाप मारली. पाच मिनिटांनी तो मागच्या मोरीत ओकत होता, आणि पुरणपोळीपासून सगळं बाहेर पडलं होतं.

रात्री माजघरात आजीला ही हकिकत कळली. तिने आवाज चढवला नाही. भाऊंना जवळ बसवून एवढंच म्हणाली, ‘‘आता हा पोरगा माही अंबाडी जन्मात खात नाही. तू पायजो.’’

भाऊ म्हणाले, ‘‘आई, पोरं अशानंच शिकतात.’’

आजीने उत्तर दिलं नाही. पण दुसऱ्या वर्षीपासून नैवेद्य कितीही अडला तरी पोरांची पंगत वाढेपर्यंत ती ओसरी सोडायची नाही.

इथे थोडं थांबून एक सांगितलं पाहिजे. आजीने जे रीत म्हणून केलं, त्याच्यावर पुढे जगात बरंच संशोधन झालं. लिअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात लहान मुलांवर प्रयोग केले. मूल नव्या पदार्थाला आधी नाहीच म्हणतं, दोन ते सहा या वयात तर फारच. तो पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा समोर आला की त्याचं परकेपण जातं. पण ते नुसतं बघून जात नाही, पदार्थ जिभेला लागावा लागतो. जिभेला लागण्यापुरता म्हणजे किती? करंगळीच्या नखाएवढा पुरतो. आणि 2002 साली अमेरिकेतल्या कॉलेजातल्या मुलामुलींना विचारून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्यांना एखादा पदार्थ बळजबरीने संपवायला लावला होता, त्यांतल्या दर दहांपैकी सात जणांनी सांगितलं की आम्ही तो आजही आपणहून खात नाही. आजीने हे त्या रात्री माजघरात, चुलीतली राख ओढता ओढता सांगून टाकलं होतं.

नागपूरकराला याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. तर्रीच घ्या. सात वर्षांचं पोर तर्री-पोह्यांतली तर्री बोटाला लागली तरी हाय-हाय करतं, पाणी मागतं. तेच पोर सतराव्या वर्षी ठेल्यावर उभं राहून ‘‘भाऊ, तर्री अजून मार’’ म्हणतं. मधल्या दहा वर्षांत त्याला तर्री खायची सक्ती कुणी केलेली नसते. मोठी माणसं खात होती, हसत होती, घाम पुसत होती आणि ते शेजारी उभं होतं. पॉल रोझिन या संशोधकाने मेक्सिकोतल्या ओहाका प्रांतातल्या एका खेड्यात मिरचीबद्दल नेमकं हेच पाहिलं. मुलांना कुणी मिरची भरवत नाही. घरातले खातात, मूल बघतं, आणि पाच-सहा वर्षांचं झालं की आपणहून हात पुढे करतं. त्याच गावातली डुकरं आणि कुत्री रोज मिरचीचं खरकटं खात होती. पण निवड दिली की मिरची नसलेलं अन्न उचलत होती. पोटात गेलं म्हणून आवड लागत नाही. ती लागते माणसांत बसून, आणि ज्याचा हात त्यानेच पुढे केला तर.

धाकटीची गोष्ट अशीच घडली. पहिली काही वर्षं ती नखाएवढी भाजी पत्रावळीखाली जात राहिली. मग एकदा बोट पुसताना चुकून तोंडात गेली. तिने तोंड वाकडं केलं, कुणी पाहिलं नाही. पुढे केव्हातरी तिने शोधून काढलं की पुरणाच्या घासाबरोबर ती खपून जाते. मग कढीबरोबर. मग एका वर्षी पुरणपोळी खाऊन तोंड गोडमिट्ट झाल्यावर तिने ती मुद्दाम चाखली आणि जीभ पुन्हा लखलखीत झाली. बारावीनंतर ती होम सायन्सला गेली. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मैत्रिणीच्या लग्नाची काहीतरी लांबलचक गोष्ट आजीला सांगत होती. पुढ्यात ज्वारीची गरम भाकर, कच्चा कांदा आणि लसणाची फोडणी घातलेली कालची अंबाडी. बोलता बोलता तिने ताट पुढे केलं. ‘‘आजी, अजून आहे का गं?’’

आजीने पातेलं खरवडून भाजी वाढली, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडली आणि विचारलं, ‘‘मंग? त्या पोरीचा नवरा काय करते?’’

या प्रश्नासाठी मला ती बाई फार मोठी वाटते. दुसऱ्या कुणी टाळी वाजवली असती. ‘‘बघ! मी म्हटलं नव्हतं? मारबतीला देत होतीस ना?’’ असं म्हणून सगळ्या घराला हाक मारली असती. आणि त्या मुलीला वाटलं असतं की आपण हरलो. मुलांची आवड बदलते तेव्हा ती मोठ्यांचा विजय म्हणून साजरी करायची आपल्याला फार खोड आहे. आजीने तिला आपल्या गोष्टीतच राहू दिलं.

थोरला मोठा झाला, इंजिनिअर झाला, नोकरीला हैदराबादला गेला. आणि हैदराबादेत त्याच्या पुढ्यात काय आलं? गोंगुरा. म्हणजे अंबाडीच. तेलुगू माणसाचा तिच्यावर केवढा जीव! गोंगुऱ्याची चटणी, गोंगुरा पप्पू, गोंगुरा मटण. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बरण्याच्या बरण्या. तो सहकाऱ्यांना सांगायचा, मला त्याची अ‍ॅलर्जी आहे. वास आला की त्याला मोरी आठवायची, हे तो कुणाला सांगणार? हळूहळू आंबट पालेभाजी कोणतीच नको झाली. चुका नको, चिंचेचा पाला नको. महालक्ष्म्यांना तो दरवर्षी यायचा, सगळं हौसेने करायचा, पण जेवायला शेवटच्या पंगतीत बसायचा, जिथे वाढणारे दमलेले असतात आणि एखादा पदार्थ राहून गेला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

आजी गेली. अंबाडी धाकटी करू लागली. ती आता आहारतज्ज्ञ आहे, तिच्याकडे येणाऱ्या आया विचारतात की मुलगा भाज्या खात नाही, काय करू. आणि ती त्यांना जे सांगते त्यातलं निम्मं आजीचं असतं.

एका वर्षी थोरल्याचा मुलगा आठ वर्षांचा होता. ओसरीवरच्या पंगतीत तो आपल्या चुलत भावंडांत बसला होता. पडवळाची कढी त्याने तोंडात घेतली आणि पडवळाच्या बुळबुळीत चकत्या एकेक करून पानाच्या कडेला काढून ठेवल्या. थोरला मागे उभा राहून पाणी वाढत होता. त्याला अंबाडी नकोशी होती म्हणून त्याने मुलाला अंबाडी खायला कधीच सांगितलं नसतं. पण हे पडवळ होतं, अंबाडी नव्हती. त्याच्या तोंडून वाक्य निघालं, ‘‘पान स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही.’’

शब्द तेच, आवाजही तोच. माजघराच्या दारात धाकटी उभी होती, तिच्या हातातली पळी तशीच राहिली. भाऊ तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते. गुडघ्यांमुळे खाली बसता येत नसे, म्हणून खुर्ची टाकून पंगतीवर नजर ठेवायचे. ते उठले. भिंतीला धरून, एका हाताने गुडघा दाबत, ते नातवाच्या शेजारी जमिनीवर बसले. त्याच्या पानातल्या त्या काढून ठेवलेल्या चकत्या त्यांनी उचलल्या आणि एकेक करून खाल्ल्या. सगळ्या. मग नातवाला म्हणाले, ‘‘झालं पान स्वच्छ. जा, हात धू.’’

नातू उड्या मारत गेला. भाऊंना उठवायला दोघांना हात द्यावा लागला, त्यातला एक हात थोरल्याचा होता. उठता उठता भाऊ त्याला म्हणाले, ‘‘तुला त्या दिवशी उठू द्यायला पाहिजे होतं मी.’’

‘‘जाऊ द्या भाऊ, जुनी गोष्ट आहे,’’ थोरला म्हणाला आणि पाण्याचा जग घेऊन पुढे गेला. कुठला दिवस, हे त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री, महालक्ष्म्या बोळवून झाल्यावर, बायका स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. धाकटीने तेल तापवून त्यात ठेचलेला लसूण टाकला, तो लालसर झाल्यावर वाळलेल्या मिरच्या टाकल्या आणि चर्रकन ती फोडणी अंबाडीवर ओतली. वास ओसरीपर्यंत गेला. थोरला आत आला. त्याने भाकर घेतली, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि बहिणीच्या शेजारी बसला. ती आपली जेवत राहिली. त्याला विचारलं नाही, पातेलंही त्याच्याकडे सरकवलं नाही. तिच्या ताटात अंबाडीच्या कडेने लसणाचं तेल ओघळून साचलं होतं. बऱ्याच वेळाने थोरल्याने भाकरीचा तुकडा त्या तेलात बुडवला. तेलाबरोबर थोडी भाजी लागून आली. त्याने तो घास खाल्ला, पाणी प्यायला.

‘‘लसूण चांगला लागला आहे,’’ तो म्हणाला.

‘‘तेल करडईचं आहे,’’ धाकटी म्हणाली. ‘‘उद्या जाताना बाटली देऊ का?’’

‘‘दे.’’

पुढच्या वर्षी भाऊंनी सांगून टाकलं की पोरांच्या पंगतीत अंबाडी मी वाढणार. त्यांना वाकता येत नाही म्हणून पोरांसाठी लांब टेबलं मांडली. घरात थोडी कुरकुर झाली, पण भाऊंनी ऐकलं नाही. एका हातात वाटी घेऊन ते एकेका पोरापाशी थांबायचे, ‘‘वाढू?’’ म्हणून विचारायचे. कुणी मान डोलवायचं, कुणी नाही म्हणायचं. नाही म्हणणाऱ्याच्या पानातही ते आजीसारखीच कडेला नखाएवढी ठेवायचे, ‘‘राहू दे तिथंच, तुला त्रास देत नाही ती,’’ म्हणायचे आणि पुढे सरकायचे.

मोठ्यांच्या पंगतीत जागा नव्हती म्हणून, किंवा त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक, थोरला त्या वर्षी टेबलाच्या शेवटी आपल्या मुलाशेजारी बसला होता. भाऊ तिथवर आले आणि थांबले. वाटीतली भाजी आता तळाला गेली होती.

‘‘वाढू?’’

‘‘वाढा,’’ थोरला म्हणाला. ‘‘पण उरली तर उरू द्या.’’

‘‘उरू दे,’’ भाऊ म्हणाले. त्यांनी बोटाने भाजी त्याच्या पानाच्या कडेला ठेवली आणि रिकामी वाटी घेऊन भरून आणायला आत वळले. मागून तुपाची तामली आणि पुरणपोळ्यांचं ताट घेऊन धाकटी आलीच होती, आणि पोरांनी पोळीसाठी एकच गलका केला.